अकरा नंबरची खुंटी

वृंदाने सातव्या महिन्यात नाव नोंदवलं
तेव्हा नाव ठरलेलंच नव्हतं.
वहीत लिहिलं, ‘रसाळ, बाळ’.
हंसाबेन म्हणाल्या, ‘तमारी आगळ सत्तावीस छे.’
आम्ही हसलो. सत्तावीस म्हणजे काय,
नक्षत्रं सरतात तशी सरतील एकेक.

शाल्मली झाली, रांगली, उभी राहिली सोफ्याला धरून,
आणि रांग एकोणिसावर अडून बसली.
वृंदाची बँक हालोलला, सातची बस.
माझा कारखाना मकरपुऱ्यात. पंपांचे सील बनवतो मी,
गळती कुठे आहे ते बोटाला कळतं माझ्या.
म्हणून शोध माझ्याकडे आला.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता फिरलो.
मांजलपूरला एक, झेरॉक्सच्या दुकानावर,
जिना असा की मीच कठडा धरला.
तरसालीला एक, तिथली पोरं दिवसभर मोबाईलवर दिसतात,
फी ऐकून मी मोबाईल खिशात घातला.
सुसेनपाशी एक. नऊ मुलं एका टीव्हीसमोर
इतकी गप्प,
की मी दार हळूच लावून घेतलं.
सगळीकडे आधी हेच, ‘मम्मी क्यां छे?’
फॉर्मवर आईच्या नंबराला तांबडी चौकट.
मी तिच्यात माझाच नंबर लिहिला.

‘जग्या नथी, भाई.’
बडोद्यातच जन्मलो, तरी हा शब्द
आत्ता कुठे नीट ऐकू आला.
आपल्या ‘जागा’हून केवढा अरुंद.
रात्री वृंदाला म्हटलं, जागा नाही म्हणून मी जागा.
ती म्हणाली, कोट्या नकोत, झोप.
मग तीही झोपली नाही.

तोवर सासूबाई नाशिकहून आल्या,
दोन महिन्यांनी दुखरे गुडघे घेऊन परत गेल्या.
तोवर तीन दिवस शाल्मली माझ्याबरोबर स्टोअरमध्ये,
रिकाम्या खोक्यात बसून
रबरी कड्या मनगटात चढवत.
शेठ आले, पाहिलं, काही बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी बोलले.

मग एका मंगळवारी फोन.
‘रसाळभाई, एक जग्या थई छे.’
मधले एकोणीस कुठे गेले, विचारलं नाही.
असल्या वेळी माणूस विचारत नाही.

आत भिंतीला तेरा खुंट्या,
प्रत्येकीवर एक चित्र, खाली नाव.
अकराव्या खुंटीवर पोपट.
खालचं नाव हंसाबेन नखाने खरवडत होत्या,
‘हे’ निघाला होता, ‘त’ निघत नव्हता.
‘एनी मम्मीनी कंपनी बंध थई,’ त्या म्हणाल्या,
आणि मग कंपनीचं नाव.

आमच्या समोरचीच.
शनिवारपासून तिच्या बंद फाटकाशी,
कडुनिंबाच्या सावलीत,
मी स्कूटर लावत होतो.
चांगली जागा मिळाली म्हणून खूष होतो.

पैसे भरले. पावती घडी करून पाकिटात ठेवली,
वृंदाला फोटो पाठवला, तिने नुसतं ‘अखेर’ लिहिलं.
पिशवी अडकवली: दोन झबली, पंचा, नाचणीच्या सत्त्वाचा डबा.
शाल्मलीने वळून पाहिलं नाही.
त्याची तयारी मी केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्कूटर उन्हात लावली.
त्याने कुणाचं काही भलं झालं नाही,
सीट तापली तेवढी.

संध्याकाळी ती पुढे उभी, हँडल घट्ट धरून,
केसांना कसल्याशा वेगळ्याच तेलाचा वास.
लालबागच्या सिग्नलला विचारलं,
तुझ्या खुंटीवर काय आहे गं?
‘पोपट.’
कुणाचा पोपट?
तिने विचार केला. तिथल्या पोरांनी शिकवलं असणार.
‘हेतनो,’ म्हणाली, शुद्ध गुजरातीत.

मागून हॉर्न वाजत होते.
मी म्हटलं, हो. त्याचाच.